धम्म आणि गाणे : ठाकुर्लीहून पाहताना

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास धम्म आणि गायन यांचे नाते प्रथमदर्शनी अवघडलेले वाटते. दसशीलांतील सातवे शील नृत्य, गीत व वादन यांपासून विरतीचे आहे. अंगुत्तर निकायातील गीतस्सर सुत्तात धम्म लांबवलेल्या गीतस्वराने म्हणण्याचे पाच दोष तथागतांनी सांगितले. म्हणणारा स्वतःच्याच स्वरावर लुब्ध होतो, हा त्यांतील पहिला. तथापि विनयात सरभञ्ञास, म्हणजे स्वरयुक्त पठणास, अनुमती आहे. आणि दीघ निकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्वाची वीणा ऐकून भगवंत तारा व कंठ यांच्या मेळाची प्रशंसा करतात. ते गीत प्रेयसीला उद्देशून होते, हे आमचे काही कर्मठ धम्मबांधव सोयीस्करपणे विसरतात!

महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न ग्रंथांतून सुटला नाही. सत्यशोधकी जलशांच्या वाटेने 1930 च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. बाज तमाशाचाच, पण विषय शाळेचा, पाणवठ्याचा, मेलेले ढोर न ओढण्याचा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) प्रौढ वयात अक्षरे शिकले आणि 1943 पासून गीते रचू लागले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास व त्यानंतर ज्या लक्षावधींनी दीक्षा घेतली त्यांपैकी पुष्कळांना पाली तर दूरच, मराठी अक्षरही वाचता येत नव्हते. त्यांच्यापर्यंत धम्म पोहोचला तो गाण्याच्या पाठीवरून. गी पॉइतेव्हँ व हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब व बुद्ध येतात. माजलगावच्या भीमनगरात 1996 साली अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. पूर्वी विठोबासाठी असलेली जागा त्याच चालीत दुसऱ्या नावाने भरली.

आमच्या ठाकुर्लीकडे रेल्वेचे वीजगृह 1929 च्या सुमारास उभे राहिले. रेल्वेच्या व गिरण्यांच्या नोकरीमागे देशावरून आलेली माणसे या पट्ट्यात वसली. सामानात भांडी थोडी, पण गाणी बरोबर होती. प्रल्हाद शिंदे (निधन 2004) यांचा आवाज या घरांतून भीमगीतांइतकाच पंढरीच्या गीतांतही ऐकला गेला. बावीस प्रतिज्ञांच्या कसोटीवर हे बसत नाही, अशी कुरबूर आम्ही ऐकली आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. गायकाला पोट असते, आणि स्मृती दीक्षेच्या एका दिवसात पालटत नाही.

खरी चिंता निराळी आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आज भिंतीएवढे ध्वनिवर्धक शब्द गिळून टाकतात; गीतस्सर सुत्तातील पहिला दोष पाहावयाचा तर तेथे पाहावा. उलट विहारात वंदना आटोपल्यावर वयस्क उपासिका टाळीच्या ठेक्यावर जे गातात, त्यातील प्रत्येक शब्द कानी पडतो. तिसरण-पंचशील त्यांना मुखोद्गत आहे. पण त्याचा अर्थ विचारला, तर उत्तर त्या गाण्यातून देतात. ही गाणी बहुधा शाळेच्या जुन्या वह्यांत उतरवलेली असतात, रचणाऱ्याच्या नावाविना, आणि पावसाळ्यात त्यांची शाई फुटत चालली आहे.