चातीच्या दोन शाळा

कापसाचे तंतू थोडे ओढून त्यांना पीळ दिला की सूत तयार होते. पीळ नसेल तर तंतू एकमेकांवरून घसरतात आणि पेळू तुटतो. पीळ पडला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातले घर्षण वाढते आणि तेच तंतू वजन पेलू लागतात. हा पीळ देणारी, गरगर फिरणारी काडी म्हणजे चाती. टकळीला एक चाती, चरख्याला एक चाती आणि सूतगिरणीत हजारो.

माणसांना हातातले कौशल्य शिकवायचे कसे, हा प्रश्न अलीकडे फार चर्चेत आहे. २०१४ साली केंद्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय काढले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच मुलांना व्यवसायांची ओळख करून द्यायला सांगितले. पण नागपूर आणि वर्धा या, जेमतेम पाऊणशे किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांत, साठ वर्षांच्या अंतराने हा प्रश्न याच चातीवर दोन वेगवेगळ्या प्रकारे सोडवून पाहिला गेला. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याकडे जरा बारकाईने पाहावे असे आम्हांला वाटते.

आधी नागपूर. १८६७ मध्ये येथे रेल्वे पोचली. कापूस दाराशी होता, वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि जुम्मा तलावाजवळ गिरणी बांधली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी ज्या दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस पडले. यंत्रे आली, पण ती चालवणारे कोठून आणायचे? नागपूरचे कोष्टी रेशीमकाठी साड्यांसाठी प्रसिद्ध होते. परंतु हातमागावरचे कसब आणि वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या साच्यांवरचे काम यांत फार थोडे साम्य होते. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले, कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रातले जाणकार होते ते लँकेशायरचे जेम्स ब्रूक्सबी.

पहिली अडचण कौशल्याची नव्हतीच, ती हजेरीची होती. रोज पाचांतला एक कामगार येत नसे. शेतावरच्या माणसाला ऋतूची शिस्त ठाऊक असते, भोंग्याची नसते. दंड करून ही सवय लागणार नाही, हे जमशेटजींनी ओळखले आणि बक्षिसे सुरू केली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देऊ केली. हे कायद्याने बंधनकारक होण्याच्या पुष्कळ आधीचे आहे. प्रशिक्षित माणूस टिकला नाही तर प्रशिक्षणाचा खर्च पाण्यात जातो, हा हिशेबही त्यामागे असणारच. पण त्यामुळे त्या कामाचे मोल कमी होत नाही.

आता रिंगची गोष्ट. त्या काळी लँकेशायरमध्ये सूत मुख्यतः ‘म्यूल’ नावाच्या साच्यावर कातले जाई. त्याचा गाडा मागे जाताना तंतू ताणले जात आणि त्यांना पीळ बसे. गाडा पुढे येताना तयार झालेले सूत गुंडाळले जाई. तो सांभाळणे हे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने येणारे कसब होते आणि म्यूलवाल्यांची संघटना जबरदस्त होती. अमेरिकेत मात्र १८२८ मध्ये निघालेला रिंगचा साचा पसरत होता. त्यात पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता चालते. १८८० च्या दशकात एम्प्रेस गिरणीने हे साचे आणले. हिंदुस्थानात ती या बाबतीत अग्रेसर ठरली. गंमत अशी, की लँकेशायरमध्ये १९१३ सालीही सुमारे चार पंचमांश चात्या म्यूलच्याच होत्या! ज्यांच्याजवळ जुने कसब भरपूर होते त्यांना ते सोडवेना. नागपूरजवळ सोडण्यासारखे काही नव्हतेच. अर्थशास्त्रज्ञ या फरकाची इतरही कारणे देतात, कापसाच्या प्रतीपासून मजुरीच्या दरापर्यंत. तरीही कौशल्य हेच कधी कधी नव्याच्या आड येते हे लक्षात ठेवावे.

रिंगचा साचा चालतो कसा? चातीवर बॉबिन बसवलेली असते. तिच्याभोवती एक पोलादी कडे असते आणि त्या कड्यावर तारेची एक चिमुकली कडी सैलसर अडकवलेली असते. वरच्या रुळांतून आलेला धागा या कडीतून ओवून बॉबिनवर जातो. चाती फिरली की धागा कडीला ओढत कड्यावर फिरवतो. कडीची एक फेरी म्हणजे धाग्याला एक पीळ. पण घर्षणामुळे कडी चातीच्या किंचित मागे पडते आणि जेवढी ती मागे पडते तेवढाच धागा बॉबिनवर गुंडाळला जातो. घर्षणाला आपण वर्गात नेहमी शत्रू म्हणून उभे करतो. येथे सारा साचाच त्याच्यावर चालतो.

हिशेब करून पाहू. समजा चाती मिनिटाला ९,००० फेरे घेते, रुळांतून मिनिटाला १२ मीटर धागा येतो आणि बॉबिनवरच्या सुताचा व्यास ३ सेंटिमीटर आहे. म्हणजे परीघ सुमारे ९.४२ सेंटिमीटर. १२ मीटर धागा गुंडाळायला सुमारे १२७ वेढे लागतील, म्हणून कडी मिनिटाला १२७ फेऱ्यांनी मागे राहील. उरलेल्या ८,८७३ फेऱ्या १२ मीटरमध्ये वाटल्या की दर मीटरला सुमारे ७३९ पीळ. हा साधारण २० नंबरच्या सुताचा पीळ आहे. सातवी-आठवीच्या गणितापलीकडे यात काही नाही.

हे गणित त्या साच्यापुढे दिवसभर उभ्या असलेल्या कामगाराला कोणी सांगितले का? नाही. त्याला शिकवले ते एवढेच: धागा तुटला की चाती बोटाने थांबव, बॉबिनवरचे टोक शोध, कडीतून ओव, वरच्या तंतूंना लाव आणि सोड. थोड्या आठवड्यांत हात बसतो. शिकवणारा जॉबर. भरती त्याच्या हातात आणि शिकवणेही. त्यामुळे नात्यागोत्याला, जातीला दार उघडे किंवा बंद. मुंबईच्या गिरण्यांतले उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तेथे धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. कोणाला काय शिकू द्यायचे, हे यंत्र ठरवत नाही.

त्याच एम्प्रेस गिरणीत जमशेटजींनी पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेण्याची पद्धतही सुरू केली होती. हे तरुण पुढे अधिकारी व्हायचे. म्हणजे एकाच छपराखाली दोन वर्ग भरत होते. ‘का’ वरच्यांसाठी, ‘कसे’ खालच्यांसाठी. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी पडते आणि सूत तटातट तुटते, हे कामगाराला बोटांनी कळे. कापसाच्या तंतूने ओलावा घेतला की तो अधिक बळकट होतो, म्हणून गिरणीने हवेत दमटपणा आणणारी यंत्रे बसवली. त्यामागचे कारण तांत्रिक अधिकाऱ्यांपाशी राहिले.

याची किंमत शतकभराने कळली. १९८६ मध्ये टाटांनी गिरणी सोडली, ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीस बंद पडली. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी हा मॉल आहे. धागा सांधण्यात ज्याने हयात घालवली त्या हाताला शहरात दुसरीकडे भाव नव्हता, कारण त्याला एका साच्याची एक हालचाल तेवढी दिली गेली होती. मात्र मंदीचे आणि धोरणांचे घाव होतेच. सारा दोष शिकवण्याच्या पद्धतीवर टाकणे बरोबर होणार नाही.

वर्ध्याची शाळा याच्या नेमकी उलट कल्पनेतून निघाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम करावे, पण तो यांत्रिकपणे नव्हे तर प्रत्येक क्रियेचे कारण समजावून शिकवावा, असे गांधीजींचे म्हणणे होते. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. टकळीवरून कापसाच्या शेतीकडे, व्यापाराकडे, इतिहासाकडे, गणिताकडे जायचे. यालाच समवाय म्हणत. कल्पना अशी, की एकाच मुलाला ‘कसे’ आणि ‘का’ दोन्ही मिळावेत, मग तो कोणत्याही जातीचा असो.

पण वेळापत्रक पाहा. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. गणित, संगीत आणि चित्रकला मिळून ४०. आणि सामाजिक शास्त्र व सामान्य विज्ञान दोन्ही मिळून ३० मिनिटे. सुताचे उत्पन्न शाळेच्या खर्चाला लागणार असल्याने किती लड्या निघाल्या, हे मोजणे सोपे होते आणि आवश्यकही. मुलाला पीळ समजला का, हे मोजणे अवघड. जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. समवाय साधायला शिक्षकालाच भौतिकशास्त्र, शेती आणि कातणे तिन्ही यावे लागते. तशी माणसे सेवाग्रामला होती, पण गावोगावच्या शाळांना ती पुरणार कोठून? शिवाय शहरातल्या मुलांना इंग्रजी आणि खेड्यातल्यांना टकळी, हा भेद पालकांच्या लगेच ध्यानात आला. त्यांनी ही शाळा दुय्यम मानली, आणि आम्हांला वाटते, त्यांचे फारसे चुकले नाही.

स्वातंत्र्यानंतर वाट पुन्हा फुटली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, आयटीआय निघाल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शाळेत कोठारी आयोगाचा ‘कार्यानुभव’ आणि १९७७ नंतर ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले, ते बहुतेक ठिकाणी कागदी फुलांवर आणि मेणबत्त्यांवर संपले. आयटीआयच्या अभ्यासक्रमात कित्येक वर्षे कार्यशाळेतील गणित आणि विज्ञान असा स्वतंत्र विषय होता. कल्पना उत्तम; पण तो विषय लेथजवळ शिकवला जातो की फळ्यावर, यावर सारे अवलंबून असते. मिहानमध्ये आज विमानांची दुरुस्ती होते. तेथे बोल्ट किती जोर लावून आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत मिळतो. तेवढाच जोर का, हे कळलेला तंत्रज्ञ दुसऱ्या धातूचा बोल्ट हाती आल्यावर थांबून विचार करतो.

वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग. खादीच्या आणि गिरणीच्या जाडसर सुती कापडातून एकेक उभा धागा काढा. त्याचा १० सेंटिमीटरचा तुकडा दोन चिमट्यांत, फार न ताणता, धरा. एक चिमटा पक्का ठेवून दुसरा उलट दिशेने फिरवा आणि तंतू समांतर होईपर्यंत फेरे मोजा. सुई मधून सरकली की पीळ संपला. वरच्या हिशेबाप्रमाणे २० नंबरच्या सुतात सुमारे ७४ फेरे यायला हवेत. शिवणाचा दोरा घेऊ नका, तो दोनतीन धाग्यांचा पिळलेला असतो. एकाच धाग्याचे पाच तुकडे मोजून पाहा आणि हातसुतात व गिरणीच्या सुतात आकडे किती मागेपुढे होतात ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. फरक का पडतो हे आधी त्यांना विचारा; टकळी फिरवणारे कोणी आजोबा-आजी गावात असतील तर त्यांनाही वर्गात बोलवा.