कमी काय झालं?

गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजवा खांदा निखळला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात धरून सावकाश ओढला, आत कुठंतरी खट् झालं आणि त्या म्हणाल्या, "काका, बसला हं सांधा." हात झोळीत अडकवून घरी आलो. दुपारी वेळ जाईना म्हणून केसपेपर वाचायला घेतला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'शोल्डर रिड्यूस्ड'.

मी बत्तीस वर्षं हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. रिड्यूस म्हणजे कमी करणे, एवढं तर आठवीतलं पोरही सांगेल. मग माझ्या खांद्यातलं कमी काय झालं? वेदना कमी झाली होती खरी, पण कागदावर वेदना रिड्यूस झाल्याचं लिहिलेलं नव्हतं, खांदा झाल्याचं लिहिलं होतं. डाव्या हातानं जाडजूड शब्दकोश ओढला आणि पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

मूळ शब्द लॅटिन: 'रेडूकेरे'. 'रे' म्हणजे मागे, परत. 'डूकेरे' म्हणजे नेणे. दोन्ही मिळून परत नेणे, परत जागेवर आणणे. कमी होण्याचा इथं मागमूस नाही. डॉक्टरीणबाईंनी जे केलं त्याला हा शब्द चपखल बसत होता. खोबणीतून निसटलेलं हाड त्यांनी परत खोबणीत नेलं होतं. आपल्याकडचे हाडवैद ज्याला 'हाड बसवणं' म्हणतात, त्याला इंग्रज शल्यवैद्य आजही रिडक्शन म्हणतात.

'डूकेरे'चं कुटुंब मोठं आहे आणि त्यातली निम्मी मंडळी आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. एसटीतला कंडक्टर म्हणजे सोबत नेणारा. नाटक-सिनेमाचा प्रोड्यूसर म्हणजे पुढं आणणारा. पगारपत्रकातलं डिडक्शन म्हणजे काढून नेलेलं, हे कुणा नोकरदाराला समजावून सांगायला नको. लॅटिनमध्ये 'डूक्स' म्हणजे नेता, त्यावरून ड्यूक. खंडाळ्याच्या नागफणीला इंग्रजांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' म्हटलं, तो ड्यूकही याच घरातला.

हा शब्द फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला तो 'परत आणणे' हाच अर्थ घेऊन. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा' नाटकाच्या शेवटी रिचमंड लढाई जिंकतो आणि रक्तपाताचे दिवस परत आणू पाहणाऱ्या गद्दारांविरुद्ध देवाची करुणा भाकतो. तिथं 'परत आणणे' यासाठी शेक्सपिअरनं रिड्यूस हेच क्रियापद वापरलं आहे. आजचा विद्यार्थी ते वाचून गोंधळतो. त्याला वाटतं, रक्तपात कमी करणारे गद्दार कसे?

मग अर्थ घसरला कुठं? एक वाट लष्कराची आहे, आणि ती माझ्या घरापासून दोन मैलांवर दिसते. मी नगरचा. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे अकरा वर्षांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला तोच गृहस्थ, शिंद्यांच्या ताब्यातल्या अहमदनगरवर चालून आला. ८ तारखेला शिड्या लावून त्यानं पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. अशा प्रसंगी इंग्रज लेखक लिहितात, किल्ला रिड्यूस केला. ग्रँट डफचा १८२६ सालचा मराठ्यांचा इतिहास चाळा, किल्ल्यामागून किल्ले असेच रिड्यूस होत जातात. किल्ला काही आकारानं कमी होत नाही. बंडखोराला ताळ्यावर आणायचं, धन्याच्या हुकमाखाली परत आणायचं, असा तो भाव. नगरवर इंग्रजांचा हुकूम त्याआधी कधी चाललाच नव्हता, तेव्हा 'परत' कशाचं? पण जिंकणाऱ्याच्या शब्दकोशात एवढी सवलत असते. ताळ्यावर आणलेला माणूस खाली आलेला असतो. हुद्दा काढून घेतलेला शिपाई, दारिद्र्यात ओढला गेलेला सरदार, सगळे 'रिड्यूस्ड'. वरून खाली आणणं आणि जास्तीचं कमी करणं यांत अंतर ते किती! काही शतकांत शब्दानं ते ओलांडलं, आणि आज दुकानाच्या काचेवर 'प्राइस रिड्यूस्ड' अशी पाटी लागते.

अशी घसरण आपल्याकडच्या शब्दाचीही झाली आहे. 'वजा' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ ठेवणे, खाली ठेवणे. हिशेबात रक्कम बाजूला ठेवता ठेवता तो उणे करण्याचा शब्द झाला. 'बाकी'ही अरबी, म्हणजे उरलेलं. 'कमी' फारसीतला. संस्कृतातून आलेलं 'उणे' मात्र आपण एकोणीस, एकोणतीस म्हणताना नकळत उच्चारतो: एक उणे वीस, एक उणे तीस.

रिड्यूसचा जुना अर्थ पुरता मेला असता तर एवढं लिहिलंही नसतं. तो मेला नाही, शाळेत लपून बसला आहे. सहा अष्टमांशाला अतिसंक्षिप्त रूप देऊन तीन चतुर्थांश करतात, त्याला इंग्रजीत रिड्यूस करणं म्हणतात. किंमत मात्र तसूभर कमी होत नाही. अपूर्णांक आपल्या साध्या रूपात परत येतो, इतकंच. आणि दुसरी जागा म्हणजे माझं रसायनशास्त्र.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. दहावीला ऑक्सिडीकरण आणि क्षपण, म्हणजे इंग्रजीतलं रिडक्शन, शिकवत होतो. "इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण," असं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मिळालं तर क्षपण कसं? क्षपण म्हणजे तर झिजणं ना?" तिचं संस्कृत चांगलं होतं. क्षय आणि क्षपण एकाच धातूचे. मी म्हणालो, इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो, तो मिळाला की ऑक्सिडीकरण अंक कमी होतो. उत्तर चूक नव्हतं, पण ती मान हलवून खाली बसली तेव्हा तिचं समाधान झालं नाही हे मला दिसलं होतं.

खरं उत्तर इलेक्ट्रॉनपेक्षा जुनं आहे. इलेक्ट्रॉनचा शोध थॉमसननं १८९७ साली लावला. रिडक्शन हा शब्द धातू गाळणारे त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. धातू जळून त्याचं भस्म होतं आणि कोळशाबरोबर तापवलं की भस्मातला धातू परत येतो. धातूला परत आणणं, तेच रिडक्शन. यात वजन घटतं, हा योगायोग. शुद्ध हेमॅटाइट १०० किलो घेतलं तर त्यातून लोखंड निघतं जेमतेम ७० किलो, कारण उरलेला ऑक्सिजन असतो. पाऱ्याचं लाल भस्म १०० ग्रॅम तापवलं तर पारा मिळतो साडेब्याण्णव ग्रॅमच्या आसपास. प्रीस्टलीनं १७७४ साली हेच भस्म तापवलं, बाहेर पडलेला वायू गोळा केला, आणि पुढं लाव्हाझिएनं त्याला ऑक्सिजन हे नाव दिलं. 'परत आणणे' आणि 'वजन घटणे' भट्टीत एकत्र नांदले. मराठी परिभाषा झाली तेव्हा शब्दाचा नवा अर्थ उचलला गेला आणि 'क्षपण' आलं. शब्द सुबक आहे, पण त्यातून धातू परत येत नाही.

वापराबद्दल एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत पाऊस, ताप, गर्दी आपणहून 'डिक्रीज' होते. रिड्यूसला बहुधा कर्ता लागतो, कुणीतरी नेणारा लागतो. खर्च कुणीतरी रिड्यूस करतं. अपवाद स्वयंपाकघरात आहे: कढईतला रस्सा आपला आपण रिड्यूस होतो. आपल्याकडं त्याला आटणं म्हणतात. दूध आटलं की बासुंदी होते, आणि तिला कमी झालेलं दूध म्हणायला कुणी धजावणार नाही.

दहावीला हा धडा शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पाठ्यपुस्तकातला शब्द बदलू नका, परीक्षेत तोच येणार आहे. पण व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी पाच मिनिटं निखळलेल्या हाडाची आणि भट्टीतल्या लोखंडाची गोष्ट सांगा. मागच्या बाकावर कुणीतरी मान हलवून खाली बसायच्या बेतात असेल. मला ते उत्तर सापडायला पस्तीस वर्षं आणि एक खांदा लागला.