सागवान आणि पोलाद

1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स' या पत्राने, एकट्याने, कोठेही न थांबता आणि कोणाचे साहाय्य न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून प्रथम परतणाऱ्या दर्यावर्द्यास सुवर्णगोल आणि सर्वांत कमी दिवसांत ती पुरी करणाऱ्यास पाच हजार पौंड देण्याचे जाहीर केले, तेव्हा जे नऊ जण निघाले त्यांतील दोघांच्या होड्या शर्यतीसाठी बांधलेल्या तर नव्हत्याच, उलट आधीच हजारो मैल खारे पाणी प्यालेल्या आणि मालकाचे बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या अशा होत्या. त्या शर्यतीतील माणसांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने या दोन होड्यांची तुलना मात्र फारशी कोणी केलेली दिसत नाही.

त्यांतील 'सुहैली' मुंबईची. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने विलायतेहून एका होडीचे नकाशे मागविले आणि टपालाने आले भलत्याच होडीचे. अमेरिकेतील विल्यम ॲटकिन याने 1920 नंतरच्या दशकात आखलेली ही 'एरिक' जातीची होडी, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी बांधलेल्या नौकांच्या वंशातली होती. नकाशे परत पाठविण्याऐवजी त्यांवरच काम चालू झाले, आणि 1963-64 च्या सुमारास कुलाब्यास मुंबईच्या सुतारांनी वाकसाने तासून व सामत्याने भोके पाडून साडेबत्तीस फुटांच्या आतली ही सागवानी होडी उभी केली. ज्या बंदरात वाडियांच्या हाताखाली 1817 साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडात तरंगते आहे, तेथील कारागिरांना सागवानाच्या गुणदोषांविषयी कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जलावतरणाच्या वेळी शॅम्पेनऐवजी नारळ फुटला, हे यथायोग्यच झाले.

दुसरी 'जोशुआ'. तिचा जन्म समुद्रापासून दूर, फ्रान्समधील शोफाय गावी, बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात झाला. बर्नार मुआतेसिए याची आधीची दोन लाकडी गलबते, एक 1952 साली हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर आणि दुसरे 1958 साली वेस्ट इंडीजमध्ये, किनाऱ्यावर आपटून फुटली होती. त्याचे पुस्तक वाचून प्रसन्न झालेल्या कारखानदाराने केवळ सामानाच्या किमतीत पोलादी होडी बांधून देण्याचे मान्य केले. एकोणचाळीस फुटांची ही होडी इतक्या काटकसरीने सजविली गेली की तिच्या पहिल्या डोलकाठ्या तारांच्या खांबांच्या होत्या. तरीही 1965-66 मध्ये पतीपत्नी तिच्यातून हॉर्न भूशिराला वळसा घालून ताहितीच्या मुलुखातून स्पेनच्या अलिकांते बंदरी 126 दिवसांत, मध्ये कोठेही न थांबता आली.

घडणीत दोघी सख्ख्या बहिणीच: दोन डोलकाठ्या, पठाण लांब व खोल, आणि मागचे टोक पुढच्याप्रमाणेच निमुळते, जेणेकरून मागून येणारी लाट अडून न बसता दुभंगून जाते. तफावत होती ती सांध्यांची. पोलादाचे पत्रे एकदा जोडले की पाणी बाहेरच राहते, उरते ती गंजाची राखण. लाकडी होडी मात्र असंख्य फळ्यांची असते आणि त्यांतील प्रत्येक सांधा ही पाण्याला एक संभाव्य वाट असते. नॉक्स-जॉन्स्टनला हे पुरते ठाऊक असल्यामुळेच त्याने कॉलिन मडी या नौकारचनाकाराकडून त्रेपन्न फुटी पोलादी होडीचा आराखडा करविला होता; पैशाची तजवीज होईना, म्हणून 'सुहैली' हाती आली.

अटलांटिकमध्येच तिला गळती लागली. पठाणाच्या वरचा सांधा दोन्ही कुशींना सुमारे आठ फुटांपर्यंत उकलला होता. अंगाचे गोरेपण शार्कच्या नजरेस पडू नये म्हणून काळपट सदरा व विजार चढवून तो पाण्याखाली उतरला आणि कापूस ठासू लागला. पण पुन्हा श्वासासाठी वर येईतो तो निघून जाई. तेव्हा कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून, तिला डांबर माखून त्याने ती तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसविला. मध्यंतरी एक शार्क घिरट्या घालू लागला. त्यास गोळी घालून काम पुरे केले. 'जोशुआ' अधिक चांगली होडी होती यात मला शंका नाही. परंतु जिचे दुखणे कापूस, हातोडा आणि एका माणसाचा दम एवढ्या सामग्रीने भर समुद्रात बरे करता येते, तिला केवळ गळते म्हणून हिणविणे मला न्याय्य वाटत नाही.

वेगाचा हिशेब मात्र निर्विवाद आहे. 'सुहैली' 14 जून रोजी निघाली, 'जोशुआ' 22 ऑगस्ट रोजी, म्हणजे 69 दिवस मागून. हॉर्न भूशिराशी 'सुहैली' 17 जानेवारी 1969 ला पोचली आणि 'जोशुआ' 5 फेब्रुवारीला, तेव्हा अंतर 19 दिवसांवर आले होते. पुढे मुआतेसिएने बक्षीस आणि युरोप दोन्हींकडे पाठ फिरवून पुन्हा पूर्वेचा रस्ता धरला व जूनमध्ये ताहिती गाठली. नॉक्स-जॉन्स्टन 22 एप्रिलला फाल्मथला परतला, आणि नवांपैकी शर्यत पुरी करणारा तोच एकटा ठरला.

'जोशुआ' 1982 च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वादळात वाळूत रुतली. डोलकाठ्या गेल्या, पोलाद उरले, आणि तेवढ्यावर ती पुन्हा तरंगून कालांतराने ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आली. 'सुहैली'ला तर संग्रहालयच बाधले. ग्रीनिचच्या इमारतीतील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा मालकाने 2002 साली तिला तेथून सोडवून नेले. पुढे 2018 मध्ये त्या शर्यतीची पन्नाशी नव्या शर्यतीने साजरी झाली. तीसाठी 'सुहैली'च्याच घाटाची 'थुरिया' गोव्यात बांधली गेली, आणि भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना फ्रान्सच्या मत्स्यव्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या जहाजाने उचलून घेतले.