ओवी ओसरीबाहेर

पहाटेचे चार. कंधार तालुक्यातल्या एका घरात तुम्ही अंधारात उभे आहात. साल १९४० च्या आसपासचं, राज्य निजामाचं. जात्याच्या खुंट्याला दोन जावांचे हात आहेत. मूठमूठ ज्वारी पडते, थोरली ओळ उचलते, धाकटी ती पुरी करते. आधी विठोबा, मग तुळजापूरची आई, मग भाऊ. पीठ भरत आलं की सासरचा जाच. धाकटीच्या दंडावर वळ आहे. ओवीत तिचं नाव नाही, नवऱ्याचं तर नाहीच. सांगणं सगळं आईला, आणि आई दहा कोसांवर. आतल्या खोलीत सासू जागी आहे, ओसरीवर सासरा खाकरतो. भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही ऐकू जातं. उजाडल्यावर कुणी काही विचारत नाही.

दळणाची गाणी म्हणजे निव्वळ विरंगुळा असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हा खुंटा धरून बघावा. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पात अशा लाखभर ओव्या जमा झाल्या. तोवर गिरण्या आल्या होत्या. गिरणीनं बायकांचे खांदे वाचवले, त्याबद्दल कुरकुर नको. पण मनातलं बोलायची एक जागा मात्र गेली.

आता १९८२. लातूरच्या गंजगोलाईत चहाच्या टपरीवर पहिली बातमी: उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. दुसरी बातमी पुण्याची. मंजुश्री सारडा ही नवविवाहिता जूनमध्ये मरण पावली. माहेर बीडचं. तिनं पुण्याहून बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयात पुरावा म्हणून आली. सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयानं जुलै १९८४ मध्ये त्यांची निर्दोष सुटका केली.

मृत्यू कसा झाला, हे न्यायालयानं पाहायचं. विद्या बाळ आणि नारी समता मंचाच्या कार्यकर्त्या मात्र 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावी निघाल्या. तुम्ही त्या गर्दीत घुसा. फलकांपुढे एक बाई खालच्या आवाजात वाचतेय, मागची म्हणते, "मोठ्यानं वाच की." ओसरीच्या आतलं पहिल्यांदा चौकात, मोठ्यानं. पुढे या मंचानं 'बोलते व्हा' हे केंद्र काढलं.

१९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. गाणी, कोरस, नावापुरतं नेपथ्य. प्रयोग कुठंही उभा राहील असा. त्याच वर्षी डिसेंबरात सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ आलं. नाटकानं कायदा आणला, असं मी म्हणणार नाही. पण कायद्याच्या पुस्तकातलं बाईच्या कानापर्यंत न्यायला गाणं-नाटकच लागतं.

शेवटचा मुक्काम आजचा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत लातूरची कॉलेजं येतात. अशाच एका कॉलेजच्या पोरापोरींसोबत तुम्ही गावच्या पारापुढे पथनाट्य करताय. दारुड्याची भूमिका करणारा पोरगा फार हसवतो. मला हे खटकतं, कारण मारणारा विनोदी झाला की माराचं गांभीर्य जातं. ते कसंबसं सावरून तुम्ही हेल्पलाइनचा नंबर सांगता: १८१. टाळ्या पडतात. पोरं डफ गुंडाळू लागतात.

तेवढ्यात मागून एक बाई विचारते, "फोन केला. मग रात्री मी ऱ्हायचं कुठं?"

संहितेत हे नव्हतं. तुम्ही आठवून सांगता, "मावशी, घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क तुमचा. असं मनाला येईल तसं कुणी हाकलू शकत नाही. संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडं तक्रार देता येते."

"त्यो बसतो कुठं? तालुक्याला का जिल्ह्याला? आन् कोनत्या वारी?"