एका पायवाटेचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. आज आपण जंगलातल्या एका पायवाटेचा इतिहास बघणार आहोत.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला मंक्स वुड नावाचं जंगल आहे. तिथल्या संशोधन केंद्रात अर्नी पोलार्ड हे शास्त्रज्ञ काम करत. फुलपाखरं कमी होताहेत असं सगळेच म्हणत होते. पण किती, आणि नेमकी कुठे? हौशी संग्राहकांच्या पेट्यांमधून याचं उत्तर मिळत नव्हतं. टाचणी लावलेलं फुलपाखरू ‘ही जात इथे होती’ एवढंच सांगतं. ती यंदा वाढली की घटली, हे त्यावरून कळत नाही.

१९७३ पासून पोलार्ड यांनी मंक्स वुडमध्ये एक साधी पद्धत वापरून पाहिली. वाट ठरलेली. एप्रिल ते सप्टेंबर, २६ आठवडे, दर आठवड्याला एक फेरी. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात दिसेल तेवढंच मोजायचं. तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर फेरी नाही. शिवाय वाटेचे तुकडे पाडायचे: हा गर्द सावलीचा, हा मोकळ्या गवताचा. त्यामुळे फुलपाखरांबरोबर त्यांच्या अधिवासाचीही नोंद होते. १९७६ साली ही पद्धत देशभर सुरू झाली.

ही काही शिरगणती नव्हे, बरं का. सगळी फुलपाखरं कुणालाच दिसत नाहीत. पण न दिसण्याचं प्रमाण दरवर्षी साधारण सारखं राहिलं, तर चढउतार कळतो. म्हणून नियमांचा एवढा आग्रह. आणि इतक्या ठिकाणी दर आठवड्याला पगारी माणसं कुठून आणणार? ते काम स्वयंसेवकांनी उचललं.

यातून काय साधतं? हीथ फ्रिटिलरीचं उदाहरण घेऊ. या फुलपाखराला जंगलातली नुकती मोकळी झालेली, उन्हाची जागा लागते. पूर्वी लाकूडतोडे झाडं बुंध्याशी तोडत, पुन्हा फुटवे येऊ देत, आणि दरवर्षी नवा तुकडा मोकळा होई. तो धंदा बसला, सावली दाटली आणि फुलपाखरू नाहीसं होऊ लागलं. ‘जंगलाला हात लावू नका, ते वाचेल’ ही आपली समजूत इथे अपुरी पडते. कुठला तुकडा कधी मोकळा करायचा, हे ठरवायला मोजणी लागते.

आपल्याकडे २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मान एका दिवसात देता येतो. ते फुलपाखरू वाढतंय की घटतंय हे सांगायला मात्र कुणीतरी त्याच वाटेनं वर्षानुवर्षं चालावं लागतं. इंग्लंडचे महिने इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, कारण एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे सह्याद्रीत निम्मा पावसाळाच. नियम आपले आपण बसवावे लागतील; पण एकदा बसवले की पाळावेही लागतील.

मंक्स वुडचं ते संशोधन केंद्र २००९ साली बंद झालं. देशभरची मोजणी मात्र आजही चालू आहे. कशामुळे टिकली असेल, याचा आपण विचार करू या. आता प्रश्न घेऊ.