नागौरची छत्री

धाकट्या बहिणीचे सासर मारवाडात, नागौरला. उरणहून मोटारीने निघताना आईने मिठागरातले मीठ बांधून दिले. सांभर सरोवराच्या मुलखात मिठाची काय नवलाई? पण आईपुढे बोलणार कोण!

अबूजवळ अरवलीचे डोंगर लागले, जोधपुरापुढे वाळू. तिसऱ्या दिवशी पोहोचलो.

व्याह्यांनी आम्हांला ताऊसरला नेले. तेथे जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. मारवाडच्या गादीच्या तंट्यात रामसिंगाची बाजू घेऊन जयाप्पांनी विजयसिंगाला नागौरच्या किल्ल्यात कोंडले. वेढा लांबला आणि १७५५ च्या जुलैत दगा होऊन ते मारले गेले. पुढे तहात अजमेर मराठ्यांकडे आले. तिकडे त्याला ‘मुंडकटी’ म्हणतात, म्हणजे शिराचे मोल.

मी हात जोडले. व्याही हळूच म्हणाले, “तुमचे ते वीर खरेच; पण किल्ल्यात कोंडलेले आमचे वाडवडील होते.”

मी खजील झालो. इतिहास मी आजवर वेढ्याच्या बाहेर उभा राहूनच वाचला होता.

भाच्याने विचारले, “मामा, मी कोणाच्या बाजूचा?”

“दोन्हीकडचा, बाळ.”

रात्री विहीणबाईंनी डाळ-बाटी वाढली. मीठ उरणचे होते.