बाखचे मूळ, गुनोची टीका

लग्नविधी आटोपून नवदांपत्य पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे फुले ठेवायला जाते, त्या वेळी जी धून हमखास कानी पडते ती शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराची 'आवे मारिया'. वसई, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, गोवा, जिथे जिथे ख्रिस्ती गायकवृंद आहे तिथे ती आहे. पियानो शिकणाऱ्या मुलामुलींना आयुष्यात केव्हातरी ती वाजवावीच लागते. घरात लग्न निघाले की मावशी-आत्या सोडत नाहीत. मात्र गाणाऱ्याच्या सुराखाली पियानोचा जो झरा अखंड वाहत असतो तो गुनोचा नव्हे. तो गुनोच्या जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षे लिहिला गेला होता. आणि त्या झऱ्यात एक जागा अशी आहे, की ती ना मूळ लेखकाची, ना गुनोची. ती कुणा तिसऱ्याचीच. त्या जागेची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

मूळ रचना योहान सेबास्तियान बाख यांची. क्योथेनच्या दरबारी असताना १७२२ साली त्यांनी 'वेल टेम्पर्ड क्लाव्हियर' या संग्रहाचा पहिला भाग सिद्ध केला. त्यात बारा स्वरांवरील थोर आणि लहान अशा चोवीस स्वरश्रेणींत प्रत्येकी एक प्रीलूड आणि एक फ्यूग आहे. पहिले प्रीलूड ते हेच. पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी जे खण पाडलेले असतात, तसे यात पस्तीस खण आहेत. प्रत्येक खणात आठ स्वरांची एक ओळ दोनदा येते: डाव्या हाताचे दोन स्वर दाबून धरलेले, उजव्या हाताचे तीन स्वर दोन वेळा उमटणारे. शेवटचे दोन-तीन खण सोडले तर आरंभापासून अखेरपर्यंत हाच एक नमुना. ज्याला आपण चाल म्हणतो ती यात नाहीच. खणागणिक स्वरसमूह बदलतो, ताण चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी सगळे घरी परतते. जपमाळेचे मणी सारखे असतात, पण प्रत्येक मण्यावरची प्रार्थना म्हणणाऱ्याच्या मनात सारखी नसते, तसेच काहीसे.

बाख १७५० साली निवर्तले. हा संग्रह छापला गेला तो थेट १८०१ साली. मधली सुमारे ऐंशी वर्षे तो हस्तलिखित प्रतींतून, शिष्यांकडून शिष्यांकडे, आपल्याकडच्या पोथ्यांप्रमाणे फिरत राहिला. पोथीच्या वाटेवर जे घडते ते इथेही घडले. हॅम्बुर्गचे एक संगीतकार क्रिस्तियान फ्रीडरिश गोटलीब श्वेंके यांच्या १७८३ च्या प्रतीत बाविसाव्या आणि तेविसाव्या खणांच्या मध्ये एक नवा खण आढळतो, आणि म्हणून तो आजवर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे तो छापील आवृत्त्यांतही शिरला. बाख यांच्या स्वतःच्या हातची प्रत सुदैवाने बर्लिनमध्ये सुरक्षित आहे. तिच्यात हा खण नाही.

नवा खण घालावासा का वाटला असेल? आपल्या सरगमीत सांगतो. मूळ स्वराला षड्ज मानले, तर या ठिकाणी डाव्या हाताचा खर्ज तीव्र मध्यमावर असतो. तिथून बाख एकदम कोमल धैवतावर जातात, आणि मग खाली पंचमावर येऊन स्थिरावतात. पंचम वाटेतच होता. त्याला ओलांडून पुढे जायचे आणि मग मागे वळून त्याच्याकडे यायचे, ही चाल त्या काळच्या नीटनेटक्या युरोपीय कानाला खटकली असावी. तेव्हा मधली पायरी भरून काढली गेली: तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत, पंचम. जिना सरळ झाला, पण त्याबरोबर थरारही गेला. गंमत अशी, की ज्याने तोडी ऐकली आहे त्या मराठी माणसाला बाख यांची चाल मुळीच विचित्र वाटणार नाही. चढताना पंचम टाळून धैवत गाठायचा आणि उतरताना पंचमावर विसावायचे, यात आपल्याला दुरुस्त करण्यासारखे काही दिसले नसते.

आपल्या परंपरेत या प्रकाराला प्रक्षेप म्हणतात. ज्ञानेश्वरीत पाठभेद आणि भर पडत गेली, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. बाख यांना असा एकनाथ लाभायला एकोणिसावे शतक बरेच उलटावे लागले. तोवर त्या अशुद्ध पोथीवर एक टीका लिहून झाली होती, आणि ती टीका जगभर गाजलीही होती.

ती टीका म्हणजे गुनोंची धून. मी 'टीका' हा शब्द ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका या अर्थाने वापरतो आहे. गुनोंनी स्वतः आपल्या रचनेला 'बाखच्या पहिल्या प्रीलूडवरील चिंतन' असेच नाव दिले होते. मूळ शब्दाला धक्का न लावता त्यावर आपले मनन रचायचे, ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बारामतीकर मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) एकाच रामकथेवर शंभरांहून अधिक रामायणे रचली म्हणतात. आम्ही मोरगाव-बारामतीकडची माणसे, एका मूळावर किती वेली चढू शकतात हे आम्हांला तरी कुणी शिकवू नये.

गुनो (१८१८ ते १८९३) यांना बाख भेटले ते रोममध्ये. १८३९ साली रोमचे पारितोषिक मिळवून ते तिथे गेले, आणि त्याच सुमारास बर्लिनहून फॅनी हेन्सेल या विदुषी आपल्या चित्रकार पतीसह तिथे मुक्कामाला आल्या होत्या. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन यांची ही थोरली बहीण. स्वतः उत्तम रचनाकार आणि पियानोवादक. तिने १८४० साली या तरुण फ्रेंच माणसाला बाख आणि बेथोव्हेन वाजवून दाखवले, आणि तो अक्षरशः भारावून गेला. इथे क्षणभर थांबावेसे वाटते. बाख लुथरपंथी. फॅनी ही ज्यू तत्त्वचिंतक मोझेस मेंडेल्सझोन यांची नात, बालपणी प्रोटेस्टंट पंथात बाप्तिस्मा झालेली. ऐकणारा कॅथोलिक, आणि तोही पोपमहाशयांच्या नगरीत. आज आपण जी धून खास 'आपली' म्हणतो तिची वाट अशी तीन अंगणांतून आलेली आहे.

पॅरिसला परतल्यावर गुनो परदेशी मिशनसंस्थेच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले. बाख आणि पालेस्त्रिना यांचा त्यांनी इतका आग्रह धरला, की धर्मग्रामवासी कुरकुरू लागले. (गायकवृंदाचे प्रमुख आणि धर्मग्रामवासी यांच्यातले हे नाते सर्वत्र सारखेच असावे!) १८४७-४८ मध्ये त्यांनी सें-सुल्पीस येथील सेमिनरीत धर्मगुरुपदाचा अभ्यासही सुरू केला होता, मग तो विचार मागे पडला. १८५२ साली त्यांनी पियानोचे प्राध्यापक पिएर झिमरमान यांच्या मुलीशी विवाह केला. बाखच्या प्रीलूडवर गुनो सहज धून रचीत असत. ती सासऱ्यांनी ऐकली, टिपून घेतली, आणि १८५३ साली व्हायोलिन, पियानो आणि साथीला ऑर्गन अशा स्वरूपात ती प्रसिद्ध झाली. तेव्हा तिला शब्द नव्हते. शब्द आले तेही प्रथम लामार्तीन या कवीचे, जीवनाच्या ग्रंथाविषयीचे. ते बाजूला सारून 'आवे मारिया' ही प्रार्थना तिथे बसवली गेली ती १८५९ साली.

आशियात काही ठिकाणी अशी कथा सांगतात, की कोरियात हुतात्मा झालेले बिशप लोराँ आंबेर हे गुनोंचे बालमित्र होते, आणि त्यांच्या वधाची बातमी ऐकताच गुनोंनी रडत रडत ही धून रचली. प्रवचनाला कथा फार चांगली. पण संत आंबेर १८२० साली फ्रान्स सोडून निघाले तेव्हा गुनो दोन वर्षांचे होते, आणि १८३९ साली त्यांचे हौतात्म्य झाले त्यानंतर चौदा वर्षांनी धून प्रसिद्ध झाली. हुतात्म्यांना आपल्या कल्पित कथांची गरज नसते.

आता पुन्हा त्या खणाकडे. गुनोंच्या हाती जी प्रत होती तिच्यात तो उपरा खण होता. त्यांनी तो बाख यांचाच समजून, श्रद्धेने, त्यावरही आपली धून बेतली. तो येतो तेही गाण्याच्या अगदी गाभ्यात, 'पवित्र मरिये' ही हाक पुनःपुन्हा दिली जाते त्या भागात. परिणाम असा, की आज आपण बाख शुद्ध करू शकतो, गुनोंना करू शकत नाही. पियानोवरचा तो खण काढला तर गाणाऱ्याचा सूर अधांतरी राहतो. परीक्षेसाठी बाखचे प्रीलूड शुद्ध आवृत्तीतून पाठ केलेली मुले लग्नात गुनोंची साथ करायला बसली, की नेमकी इथेच चुकामूक होते: बोटे सवयीने पुढच्या खणात जातात आणि बिचारा गायक एक खण मागे पडतो. शिकणाऱ्यांनी म्हणून दोन्ही वेगळे पाठ करावेत, एकावरून दुसरे साधू नये.

सेमिनरीत आम्हांला संगीत शिकवणाऱ्या वृद्ध फादरांची एक पद्धत होती. ते आरंभी आठ स्वरांची ओळ वाजवू देत नसत. प्रत्येक खणातले पाचही स्वर एकदम दाबायचे, ऐकायचे, आणि आधीच्या खणाहून काय हलले ते तोंडाने सांगायचे. असे पस्तीस खण झाले की मग स्वर सुटे करायचे. या पद्धतीने शिकणाऱ्याच्या ध्यानात येते, की उजव्या हाताची झुळझुळ ही केवळ वरची लाट आहे. कथा खर्ज सांगतो. विशेषतः त्या वादग्रस्त जागेनंतर खर्ज आठ खण पंचमावर खिळून राहतो, तेव्हा वेग वाढवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. साथ करताना तर गायक उंच सुरावर जाईल तसतसा पियानो मोठा करणारे पुष्कळ भेटतात; माझ्या मते ते टीकेच्या नादात मूळ ग्रंथ बुडवतात. उपऱ्या खणाचे म्हणाल तर तो लपवू नये आणि मिरवूही नये. शेजारच्या खणांइतकाच द्यावा.

धर्मगुरू या नात्याने आणखी एक नोंद करतो. गुनोंच्या गीतात 'सांक्ता मारिया' दोनदा येते, 'मारिया' पुन्हा येते, परंतु 'मातेर देई', म्हणजे 'देवाची माता', हे शब्द येतच नाहीत. इफिसच्या विश्वपरिषदेने ४३१ साली जो किताब पवित्र मरियेसाठी ठामपणे उचलून धरला, तोच नेमका सुटला आहे. यामागे पाखंड शोधायचे कारण नाही. आधीच तयार असलेल्या धुनीत प्रार्थना बसवताना अक्षरे कमी-जास्त झाली, इतकेच. पण ही धून म्हणजे संपूर्ण 'नमो मरिये' नव्हे, हे गायकवृंदाने जाणून असावे.

पुढे १९०३ साली, संत सिसिलियेच्या सणादिवशी, परमगुरू दहावे पायस यांनी धर्मसंगीतावर आज्ञापत्र काढले. नाटकी ढंगाच्या संगीताला त्यांनी चर्चबाहेर काढले, गायकवृंदात स्त्रियांना मज्जाव केला आणि पियानोवर तर नाव घेऊन बंदी घातली. गुनोंची 'आवे मारिया' या तिन्ही कात्र्यांत सापडणारी. तरीही लोकांनी ती सोडली नाही. पियानोचा भाग ऑर्गनवर नाहीतर हार्मोनियमवर गेला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनाविषयक घटनेत पाईप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली, आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्यावा असे सांगितले.

हार्मोनियमही मूळची पॅरिसचीच. दबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे तिची पेटी झाली, मांडीपुढे आली. तिच्याही वाट्याला बंदी आलीच: १९४० पासून जवळजवळ तीन दशके आकाशवाणीने तिला दार बंद केले होते. मराठी रंगभूमीने मात्र पायपेटी आणि ऑर्गन मनापासून जवळ केले. बालगंधर्वांच्या नाटकांतला ऑर्गनचा भरदार सूर आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होता. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून तिच्यावर बाखचे प्रीलूड कसेबसे का होईना वाजते.

मोरगावच्या आसपासची कॅथोलिक कुटुंबे विखुरलेली. कऱ्हाकाठी कुणाच्या अंगणात प्रार्थनेला जमलो तर असते ती हातपेटी. एक हात भात्यावर, एक हात स्वरांवर. त्या एका हाताने वादक साहजिकच गुनोंची धून धरतो आणि गाणाऱ्यामागून चालतो. म्हणजे टीका उरली आणि मूळ ग्रंथ गेला! बाख यांचे नावही तिथे राहत नाही. म्हणून आमच्या तरुण वादकांना मी अलीकडे उलटे सुचवतो. धून गाणाऱ्याची, ती त्यालाच सांभाळू द्यावी. पेटीने झुळझुळीच्याही मागे लागू नये. प्रत्येक खणाला खर्जाचा एकच स्वर, लांब धरलेला, एवढेच वाजवावे. मुलांना आधी हे फारच थोडे वाटते. मग ती 'पवित्र मरिये'शी येतात, पेटी तीव्र मध्यमावर, पंचमावर, कोमल धैवतावर आणि पुन्हा पंचमावर जाते, आणि गाणे संपल्यावर कुणीतरी विचारतेच, फादर, मधला पंचम काढून एकदा वाजवून बघू का?